पाण्याचा रिपोर्ट चांगला, मग रोहू वाकडे का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझं समजण्यात काही चुकत असेल तर तुम्ही सांगाल. गिरणाकाठी तुमचं अर्ध्या एकराचं, प्लास्टिक कागद अंथरलेलं शेततळं. नदीत मोटर टाकून भरता. मागच्या ऑगस्टात रोहू, कटला, मृगळ मिळून दोन हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. यंदा जूनमध्ये नदीला पहिलं गढूळ पाणी आलं, ते तळ्यात घेतलं आणि दोन दिवसांत शंभर-सव्वाशे मासे मेले. उरलेले रोहू दहा महिन्यांत जेमतेम पाव किलो, त्यातले शंभरात पाच-सहा पाठीत वाकडे. मृगळ आणि कटला दिसायला ठीक. खाद्य म्हणून सरकी ढेप आणि भाताचा कोंडा. पाणी तपासून आणलं तर शिसं, कॅडमियम ‘बीडीएल’. गावात सगळे म्हणतात, वरून केमिकलचं पाणी येतं. आणि तुम्ही विचारताय की हे जड धातूंमुळेच झालं का, आणि हे मासे विकावेत का.

मला यात एक नाही, चार प्रश्न दिसतात. पुराच्या पाण्याने मासे का मेले, पाठी वाकड्या का, वाढ का खुंटली, आणि मासा खाण्यालायक आहे का. गावाने चारही एकाच खुंटीला टांगलेत, तिथेच घोळ आहे. मी वीसेक वर्षं खान्देशातली तळी, धरणं आणि मत्स्यबीजाच्या टाक्या हिंडतोय. तरी तळं न बघता निदान करणं म्हणजे फोनवर नाडी बघणं. खाली जिथे ‘बहुतेक’ लिहिलंय तिथे तो शब्द मुद्दाम आहे असं समजा.

आधी रिपोर्ट. ‘बीडीएल’ म्हणजे धातू नाही असं नव्हे. प्रयोगशाळेच्या यंत्राला जेवढं कमीत कमी दिसतं त्याच्या खाली, एवढाच त्याचा अर्थ. ते ‘कमीत कमी’ किती, हा आकडा कागदावर शोधा. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे. यंत्राला ०.०५ च्या खालचं दिसतच नसेल तर तो बीडीएल काय कामाचा? दुसरं, नमुना कशात नेला होता? विकतच्या पाण्याची रिकामी बाटली भरून दोन दिवसांनी दिली असेल, तर धातूचा बराच भाग बाटलीच्या आतून चिकटून बसतो आणि यंत्रापर्यंत पोचतच नाही. म्हणून धातूंसाठीच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं. चांगली प्रयोगशाळा ती बाटली स्वतःच देते.

हे सगळं नीट केलंत तरी मी पाण्याच्या रिपोर्टवर फार भिस्त ठेवणार नाही. जळगावच्या सराफ बाजारातले झारेकरी बघितले असतील. ते गटारीतला गाळ घमेल्यात भरून नेतात, धुतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. गटारीचं पाणी कुणी भरून नेत नाही! धातू कुठे बसतो हे त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळतं. नदीचंही तसंच आहे. आपलं पाणी काळ्या दगडातलं, कठीण, सामू (पीएच) बहुधा आठच्या आसपास. अशा पाण्यात शिसं, तांबं, जस्त फार काळ विरघळलेले राहत नाहीत. कार्बोनेट होऊन किंवा मातीच्या बारीक कणांना चिकटून ते तळाशी जातात. पाणी आज आलं, उद्या गेलं. गाळ वर्षानुवर्षं तिथेच.

तुमच्या तळ्याला कागद आहे, म्हणजे त्याला स्वतःची माती नाही. तळाशी जो गाळ साचलाय तो बहुतेक सगळा मोटरीने ओढलेला नदीचाच. तपासायचा असेल तर तो तपासा. पण एक सावधगिरी. बेसाल्टात आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीत तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच जास्त असतात. किलोला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास तांबं निघालं तर आपल्या भागात त्यात नवल नाही. ते वाचून लोक हादरतात आणि थेट पेपरवाल्याकडे जातात. म्हणून गाळासोबत नदीपासून लांबच्या, कधी फवारणी न झालेल्या बांधावरची माती त्याच प्रयोगशाळेत द्या. दोन्हींत फरक किती, हे महत्त्वाचं. नुसत्या आकड्याने काही कळत नाही.

आता मला तुमच्या प्रश्नातली सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, आणि मृगळ तळाचा गाळ चिवडतो. गाळातले धातू हे कारण असतं तर पहिला मार मृगळला बसला असता. तुमचे मृगळ ठीक आहेत आणि वाकडे झालेत ते रोहू. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण संशयाची सुई माझ्यापुरती गाळाकडून दुसरीकडे वळते.

धातू माशाला नेमकं काय करतात ते सांगतो, कारण लक्षणं तिथूनच कळतात. मासा श्वास घेतो तो कल्ल्यांनी, आणि अंगातल्या क्षारांचा हिशोबही तिथेच ठेवतो. गोड्या पाण्यात त्याच्या शरीरातलं मीठ सतत बाहेर झिरपत असतं आणि कल्ले ते पाण्यातून परत ओढून घेत असतात. तांबं हा सोडियम ओढणारा पंपच बिघडवतं. कॅडमियम आणि जस्त कॅल्शियमच्या वाटेने आत घुसतात आणि कॅल्शियमची वाट अडवतात. शिसं रक्त तयार होण्याच्या कामात आडवं येतं आणि हाडांत जाऊन बसतं. शिशाने माशाची शेपटी काळी पडते आणि पाठ वाकते हे ट्राउट माशावरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. कुठूनतरी हेच वाचून तुम्ही घाबरलात, असं वाटतं. डोस मोठा असेल तर कल्ल्यांवर शेंबडासारखा चिकट थर येतो, पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा वर येऊन धापा टाकतो, तोल जातो, मरतो. डोस थोडा पण रोजचा असेल तर यकृत आणि मूत्रपिंड धातूला बांधून ठेवणारी प्रथिनं बनवत बसतात, आणि अंगावर चढायची ताकद त्यातच खर्ची पडते. वाढ मंदावते, अंडी कमी उबतात, रोगाला बळी पडायला वेळ लागत नाही. तांब्याने तर अगदी कमी प्रमाणातही माशाची वास घ्यायची शक्ती जाते. खाद्य टाकलं तरी तो लवकर येत नाही आणि आपण म्हणतो मासा सुस्त झाला.

या सगळ्यात कठीण पाणी माशाची ढाल असतं. कल्ल्यावर बसायला कॅल्शियम आणि धातू यांच्यात चढाओढ असते. कॅल्शियम भरपूर असेल तर धातूला जागा कमी मिळते. म्हणून तोच डोस कोकणातल्या मऊ पाण्यात मासा मारेल आणि आपल्याकडे कदाचित नाही. पण पहिल्या मोठ्या पावसात नदीचं पाणी एकदम पातळ होतं. ढाल झिजते, आणि नेमकं त्याच वेळी नाल्यांत आठ महिने साचलेलं सगळं वाहून येतं. त्यात आपला मे महिना. ४५ अंशांच्या उन्हात तळं आटून अर्ध्यावर येतं, गरम पाण्यात मासा जास्त जोरात श्वास घेतो, म्हणजे कल्ल्यांतून जास्त पाणी जातं आणि पाण्यातलं जे काही असेल तेही. जूनला मासा आधीच थकलेला असतो.

मग पहिल्या पुराला मेले ते धातूंनीच का? बहुतेक नाही. पहिल्या पुरात सगळ्यात जास्त असते ती कुजकी घाण आणि माती. घाण कुजताना ऑक्सिजन खाऊन टाकते, माती कल्ल्यांत बसते. मला दोन गोष्टी सांगा. मेले ते कधी दिसले, पहाटे की दिवसभर कधीही? पहाटे चार ते सात या वेळेत, मोठे आधी आणि तोंड उघडं ठेवून मेले असतील तर ऑक्सिजन. आणि कल्ला उचलून पाहिलात का? तपकिरी चिखल भरलेला, पांढऱ्या चिकट थराचा, की रक्तच चॉकलेटी? चिखल म्हणजे गाळ, चिकट थर म्हणजे धातू किंवा दुसरं एखादं जळजळणारं रसायन, चॉकलेटी रक्त म्हणजे नायट्राइट. ही पाहणी फुकटात होते आणि पाच हजारांच्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगते.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका, ठेच खाऊन सांगतोय. सुरुवातीच्या काळात धुळ्याकडच्या एका तलावावर मला बोलावलं होतं. काठावर मेलेल्या माशांचा खच, वरच्या बाजूला एक छोटा कारखाना. मी छाती ठोकून सांगितलं की धातूंचा प्रकार आहे. लोक पेटले, निवेदन गेलं, नमुने गेले, आणि काहीच निघालं नाही. तिथला एक म्हातारा भोई माझ्यामागे फिरत विचारत होता, “पानी ते चांगलं शे, मंग मासा काबर मरस?” मी त्याला उत्तर देत होतो, पण त्याला काही विचारत नव्हतो. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला की मासे रोज कोंबडा आरवायच्या वेळेला मरतात. तलाव शेवाळाने हिरवागार होता. रात्री शेवाळ ऑक्सिजन पीत होतं, आणि पहाटे माशांना उरत नव्हता. कारखान्याला त्यात काही देणंघेणं नव्हतं.

नदी प्रदूषित नाही असं मी म्हणत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे काढले, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, आणि त्यात तापी आणि गिरणा दोन्ही आहेत. पण ती यादी बीओडीवर केलेली आहे, म्हणजे पाण्यात कुजणारी घाण किती यावर. धातू किती हे ती यादी सांगत नाही. मालेगावाजवळ मोसम गिरणेला मिळते, काठावर गावं आणि शहरं आहेत, त्यांचं सांडपाणी आहे. बॅटऱ्या फोडणारे, मुलामा देणारे, रंगवाले, राखेचे ढीग असे धातूंचे खरे उगम कुठल्याही जिल्ह्यात असतात. तुमच्या मोटरीच्या वर असा एखादा नाला मिळतो का, हे चालत जाऊन पाहायचं काम तुमचं.

पण काठावरच्या दुसऱ्याच्या नाल्याआधी स्वतःचा बांध बघा. माझ्याकडे धातूंची जी खरीखुरी प्रकरणं आली त्यातली बरीचशी तांबं आणि जस्ताची होती, आणि ती शेतकऱ्याच्या हातूनच झाली होती. लिंबू-डाळिंबावर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारून पंप आणि ड्रम तळ्यातच खंगाळणं. शेवाळ दिसलं म्हणून अंदाजाने मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकणं. मोरचूद टाकायचंच असेल तर पाण्याची एकूण क्षारता (लिटरला किती मिलिग्रॅम) मोजून तिला शंभराने भागा, लिटरला तेवढे मिलिग्रॅम, त्याहून जास्त नाही. आणि क्षारता ५० च्या खाली असेल तर अजिबात नाही. कोंबडीखत पोत्यांनी ओतणाऱ्यांना हे माहीत नसतं की कोंबडीच्या खाद्यात तांबं आणि जस्त मिसळलेलं असतं. आणि नवीकोरी जस्ताची टाकी! एकाने त्यात रात्रभर बोटुकली ठेवली, सकाळी सगळी उलटी. त्याचं म्हणणं, “हेच पाणी आम्ही पितो.” बरोबर आहे, पितो. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात जस्त लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माशांसाठीचा अमेरिकेतला निकष मध्यम कठीण पाण्यात ०.१२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. तांब्याचंही असंच: पर्याय नसेल तर माणसाला १.५ पर्यंत मुभा, माशाला शंभरावा हिस्सासुद्धा जड जातो. पिण्याचं पाणी माशाला चालतं हा समज डोक्यातून काढा.

आता वाकड्या पाठी आणि खुंटलेली वाढ. इथे माझा अंदाज धातूंकडे जात नाही, ढेपेकडे आणि बीजाकडे जातो. खान्देशात कापूस, म्हणून सरकी ढेप घरची, म्हणून ती माशालाही. पण सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. ते खाद्यातल्या लायसीनला (वाढीला लागणारं अमिनो आम्ल) आणि लोहाला बांधून टाकतं, वाढ मारतं. थोड्या प्रमाणात चालते, मुख्य खाद्य म्हणून नाही. कोंड्यात जीवनसत्त्व ‘क’ जवळजवळ नसतं, आणि माशाला ते खाद्यातूनच मिळावं लागतं. कमी पडलं की कणा वाकतो, अगदी शिशाने वाकल्यासारखाच. मातीच्या तळ्यात हे फारसं दिसत नाही, कारण तिथे प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), किडे, शेवाळ यांतून मासा कमी भरून काढतो. कागदाच्या तळ्यात हे नैसर्गिक खाद्य तुटपुंजं. तिथे जे तुम्ही टाकाल तेच त्याचं जेवण.

फक्त रोहूच वाकडे असण्याचं आणखी एक सरळ कारण असू शकतं: बीज. तेच तेच नर-मादी वर्षानुवर्षं वापरले की अशी व्यंगं येतात. ज्यांनी त्याच गाडीतून रोहू घेतले त्यांना फोन करा. त्यांच्याकडे बोअरचं पाणी असूनही रोहू वाकडे असतील, तर नदी सुटली. हा फोन मी सगळ्यात आधी केला असता.

विकायचं-खायचं मात्र मी अंदाजावर सोडणार नाही, कारण तिथे प्रश्न दुसऱ्याच्या पोटाचा आहे. मासा निरोगी दिसतो म्हणून त्याच्यात धातू नाहीत असं नसतं, आणि वाकडा आहे म्हणून असतात असंही नाही. बहुतेक धातू यकृत, मूत्रपिंड आणि कल्ल्यांत साठतात. आपण खातो त्या मांसात ते कमी असतात. याला मोठा अपवाद पारा. तो मिथाइल पारा होऊन थेट मांसात बसतो आणि लहान माशाकडून मोठ्याकडे जाताना वाढत जातो. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली जे उघडकीला आलं ते याच वाटेने. म्हणून नदीतल्या जुन्या, मोठ्या मरळीची आणि वामीची काळजी जास्त. तुमच्या पाव किलोच्या रोहूची कमी. मांसासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मर्यादा किलोला शिसं ०.३, कॅडमियम ०.३ आणि पारा ०.५ मिलिग्रॅम अशा आहेत. काळ्या मसाल्यात कितीही उकळा, धातू उडून जात नाही. मांस तपासून होईपर्यंत घरी खायचे तर पोटातलं सगळं आणि कल्ले काढून टाका, कोंबड्या-कुत्र्यांनाही घालू नका. मांसाचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मी स्वतः विक्री थांबवली असती.

म्हणजे क्रम असा ठेवा. आज बीजवाल्याच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन, आणि सरकी ढेप एकूण खाद्याच्या थोड्या हिश्श्यावर आणून बाकी तयार तरंगतं खाद्य. या आठवड्यात पाग (फेकायचं जाळं) टाकून दहा रोहू, दहा मृगळ काढा; वाकडे-सरळ दोन्ही घ्या. बर्फात घालून एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या, आणि मांस वेगळं, यकृत वेगळं तपासा असं लिहूनच द्या, नाहीतर ते सगळं एकत्र वाटतात. यकृतात भरपूर आणि मांसात कमी निघालं तर समजा धातू येतोय, अजून ताटात पोचलेला नाही. तेव्हा गाळ आणि बांधावरची माती तपासायचा खर्च करा. दोन्हींत नगण्य निघालं तर गाळाचे पैसे वाचवा.

पुढच्या वर्षी पहिल्या दोन-तीन पुरांचं पाणी तळ्यात घेऊ नका. घ्यावंच लागलं तर शेजारी एक छोटा खड्डा करा, त्यात चार-पाच दिवस निवळू द्या आणि फुटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटरीच्या पाइपाचं पाणी ओढायचं टोक, तळाच्या वर दोन फूट ठेवून वरचंच पाणी उचला. गाळाला चिकटलेला धातू बहुतांशी खड्ड्यातच राहील.

आणि इथे कल्ल्याचा फोटो टाका. मासा बाहेर काढल्यावर लगेच, सावलीत, झाकण उचलून. मेलेल्या माशाचा कल्ला थोड्याच वेळात फिका पडतो, मग त्यावरून मलाही काही सांगता येणार नाही.